ठीक आहे

अमरिलोच्या हायवेवर, ट्रकस्टॉपच्या डोक्यावर
एका वकिलाचा चेहरा आहे, घराएवढा.
बावीस वर्षं स्कूलबस चालवताना
मी त्याच्या दातांना हसत आले.

आता त्याचाच नंबर फ्रिजवर,
कलिंगडाच्या फोडीच्या मॅग्नेटखाली. डेलाने लावलाय.

विमा कंपनीची बाई गोड बोलणारी.
कॉल रेकॉर्ड होतोय, हरकत नाही ना?
मग, कशी आहे तब्येत, मिसेस हॅस्केल?
आणि माझ्या तोंडून गेलं,
ठीक आहे.

मांडीत अकरा स्क्रू.
आंघोळीला खुर्ची, खुर्चीपर्यंत न्यायला रॉय.
पण इथं वादळात छप्पर उडालेला माणूसही
अंगणात उभा राहून हेच म्हणतो.

त्यांचा चेक आलाय, नऊ हजार दोनशेचा.
सही केली की विषय संपला.
नुसत्या हेलिकॉप्टरचं बिल एकेचाळीस हजार;
आयुष्यात एकदाच उडाले,
खालचं माझं गाव बघितलंसुद्धा नाही.

लाल दिवा तोडला तो कोडी.
तिसरीत होता तेव्हा डबा विसरला म्हणून
मी सबंध बस मागे वळवली होती.
त्याची आई मला दुकानात बघते
आणि डाळींच्या रांगेतून साबणाच्या रांगेत जाते.
रॉय म्हणतो, पैसे कंपनीचे, पोराचे नव्हेत.
ठाऊक आहे.
कागदावर नाव मात्र पोराचं.

आज जेवणं झाल्यावर नंबर फिरवला.
पलीकडे कुणीतरी तरुण मुलगी.
कशा आहात?

रॉयने टीव्हीचा आवाज बंद केला.