खळ

जयगडच्या खाडीत ते जहाज सात महिने उभं होतं.
मालक पळालेला, पगार बुडालेला.
खलाशी आळीपाळीने धक्क्यावर उतरायचे,
तांदूळ, कांदे, रिचार्ज.

अकिनलाबी आला तो उसवलेली बाही घेऊन.
कापड निळं, काळ्याच्या उंबऱ्यापर्यंत गेलेलं,
त्यात फिकट चौकटी,
एकीत विंचू, एकीत पान,
एकीत नुसत्या रेघा, पाणी सरकावं तशा.
मी आधी उलटी बाजू पाहिली. शिवणारीची खोड.
उलटीकडे काहीच नव्हतं. नीळ.

आईनं केलंय, म्हणाला. अबेओकुटा.
मी तीनदा म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा तो हसला.
तिचे हात इथवर निळे,
आणि त्यानं कोपराला बोट लावलं.
कसाव्याची खळ, कोंबडीचं पीस, निळीचं मडकं.
खळ असते तिथे नीळ शिरत नाही.
मी आजवर खळ घातली ती
पाटलांच्या धोतरांना, बँडवाल्यांच्या कोटांना,
ताठ राहावेत म्हणून.

माझ्याकडची नीळ बाटलीतली,
बादलीला चार थेंब, पांढरं आणखी पांढरं दिसायला.
त्यानं वास घेतला, झाकण लावलं,
जागच्या जागी ठेवली. फार सभ्यपणे.

मग परसातलं बाबांचं तपेलं आठवलं.
ऐनाच्या साली उकळायचे त्यात, सुती जाळी बुडवायचे,
खारं पाणी धागा खाऊ नये म्हणून.
नायलॉन आलं. आता त्यात कोंबडी अंडी घालते.
पीस तिचंच घेतलं.
तांदळाची घट्ट पेज, न्हाव्याकडची तुरटी,
दोन हात मांजरपाट.
पहिल्या चौकटीला त्यानं नाव सांगितलं, ओलोकुन,
दर्याचं दैवत.
आम्ही नारळ देतो, मी म्हटलं.
ऐकतो का तुमचा?
मासळी देतो. ऐकतो का, ते कुणी विचारलं नाही.

आठ चौकटी झाल्या.
बुधवारी कंपनीचा माणूस आला, पैसे, कागद, एसटी.
बाही शिवलेली होती, तेवढी नेली.

कापड फळीवर राहिलं.
रात्री झुरळं पेज खातात,
विंचवाची नांगी गेली, पानाचा देठ गेला.

काल कोंबडीला हुसकलं. तीन अंडी निघाली.
साली उकळल्या, पाणी विटकरी झालं,
बाबांच्या नखांसारखं.
गरम पाण्यात खळ सुटेल,
हे त्यानं सांगितलं नव्हतं,
भात रांधणारीला ते सांगावं लागत नाही.
झुरळांनी खाल्लंय तिथे रंग शिरेल. शिरू दे.
नववी चौकट कोरीच आहे,
ती सगळीच भरेल.

हात घालून पाहिला.
अजून कोमट आहे.