लागू नाही

टॅबवर अठ्ठावीस प्रश्न.
उत्तरं तीनच: होय, नाही, लागू नाही.
कोराडी नाक्यावर ऑटोतून उतरले
तेव्हा तापून बंद पडला होता तो.
पानठेलेवाल्यानं बर्फाच्या लादीवर ठेवू दिला, पाच मिनिटं.

चिमणीतून धूर नाही. लिहिलं.
दोरीवरची धोतरं पांढरीशुभ्र.
हेही लिहिलं असतं, पण त्याला रकाना नाही.

फुलवंता गजभिये, वय बावन्न असंल.
पट्ट्याखाली सांडलेला कोळसा
एकोणीस वर्षं लोटला.
"युनिट बंद झाल्यानं काम गेलं का?"
"गेलं ना व बाई."
"पुरावा?"

पिठाच्या डब्यातून तिनं सुतळी काढली,
सुतळीत ओवलेले गेटपास:
हिरवा, गुलाबी, पुन्हा हिरवा,
दर अकरा महिन्यांनी नवा,
दर पासावर आडनाव वेगळंच चुकलेलं.
मधला महिना ती घरी असायची,
कागदावर कुठंच नसायची.
शेवटचा पास जानेवारीत संपला.
युनिट बंद झालं मार्चमध्ये.

लागू नाही, टॅब म्हणाला.

"पोरगा जाते बुटीबोरीकडं, सोलरवर.
काचा पुसते. ठेकेदार थोच हाय."
हरित रोजगार: एक.
टॅबनं आनंदानं टिंग केलं.

"म्हंजे त्याचं लागलं थे मोजलं,
माहं गेलं थे नाही?"
मी चहाकडं पाहत राहिले.
बिनदुधाचा होता, आलं टाकलेलं.
"राख उडत नाही आता, थे बाकी बेस झालं.
सासऱ्याचा खोकला थांबला असता.
असता तर."

निघताना तिनं विचारलं, "पुन्हा कवा येशीन?"
दरवर्षी, म्हटलं, पाच वर्षं मोजायचं आहे,
न्यायानं होतंय की नाही ते.
मग आठवलं.
"माझं काँट्रॅक्ट अकरा महिन्यांचं आहे."

ती हसली. पदर तोंडाला लावून,
ठसका लागेस्तोवर हसली.
सुतळीचं उरलेलं टोक दाखवलं:
"संपला का तुहाबी पास दे आणून.
ओवून ठेवतो."

परतीच्या बसमध्ये शेवटचा रकाना उघडला.
शेरा. मर्यादा पन्नास अक्षरं.
मी तिच्या पासांचे नंबर टाकत गेले,
वहीत उतरवून घेतलेले, एकामागून एक.
मानकापूरच्या सिग्नलला
सहाव्याच्या मध्येच जागा संपली.