गॅप सर्टिफिकेट

भूगर्भशास्त्र, मी म्हटलं.
खिडकीतल्या वाघमोडे बाईंनी भूगोल लिहिलं,
मग खोडलं.

बारावी सायन्स आहे.
फिजिक्स, केमिस्ट्री काठावर, पण आहेत.
गणिताचं विचारू नका.
टीसी, जातीचा दाखला, आधारच्या तीन झेरॉक्स.

मधली दोन वर्षं कुठं होतीस?

बिलोलीच्या पुढं, मॅडम, बोरच्या गाडीवर.
मारुतीमामा रॉड जोडायचे, मी वहीत फूट लिहायची.
चाळीसपर्यंत काळा भुगा,
मग बोटभर लाल माती,
आणि एकदम गुलाबी, खरखरीत.
मामा चिमूट जिभेवर ठेवून थुंकायचे,
म्हणायचे, लागला जुना.

गॅप सर्टिफिकेट लागेल. बाँडवर.

काळ्याच्या अन् गुलाबीच्या मधे
दोनशे कोटींहून जास्त वर्षं गेलीत,
लायब्ररीतल्या पुस्तकात आहे.
कुठं गेली, कुणी विचारलं नाही.
वर काळा निवांत बसलाय,
त्याच्यावर नांदेड,
नांदेडात ही खिडकी.

कोर्टाबाहेर टायपिंगवाला विचारत नाही,
सवयीनं मारतो: घरगुती अडचणीमुळे.

पुसा, मी म्हणते. लिहा,
खाली गेले होते.

दुरुस्तीचे वीस रुपये वेगळे पडतील, म्हणतो.