पारोशी

निरोप समारंभात पोरींनी साडीऐवजी
एक पाकीट दिलं.
आत कुपन: मोरोक्कन हमाम, नव्वद मिनिटं,
ओशिवरा, टाइल्सच्या शोरूमवर दुसरा मजला.
"गावंड सिस्टर, एकदा तरी
कुणाकडून घासून घ्या," असं ती नवी पोर म्हणाली
आणि सगळा वॉर्ड हसला.

चार महिने ते विजेच्या बिलांखाली पडून होतं.
मुदतीचे दोन दिवस उरले तेव्हा गेले,
फुकट जायला नको म्हणून.
घरून अंघोळ करूनच निघाले.
पारोशी कशी जाणार परक्यांकडे?

लॉकरची चावी मनगटात, कागदाची चड्डी.
छत्तीस वर्षं लोकांना सांगत आले,
काढा कपडे, इथे कसली लाज,
आणि पडद्यामागे माझ्याच ब्लाउजचा
शेवटचा हूक
मला सुटेना.

आत वाफ.
संगमरवर कोमट, बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा.
निलगिरीचा वास, आणि त्याच्या मागे पुसट
ड्रेनेजचा. तो ओळखीचा.

मेहरू मुकादम, गाव म्हसळा.
शारजात नऊ वर्षं होती, तिथे फदवा नावाच्या
मोरोक्कन बाईच्या हाताखाली शिकली.
"फदवा सांगायची, घाई केलीस
तर मळ आत पळतो."
तिनं काकवीसारखा दाट काळा साबण चोपडला
आणि मला वाफेत ठेवून गेली,
भात मुरायला ठेवावा तशी.

मग हातात केस्सा चढवला,
गोणपाटाचा चुलत भाऊ.
दंडावरून करड्या वळ्या सुटू लागल्या,
शेवयांसारख्या, थांबेचनात.
"सकाळीच अंघोळ केली होती," मी म्हणाले.
"सगल्या हेच बोलतात, काकी."

"कुशीवर वळा."
माझंच वाक्य, माझाच सूर.
अंग मला न विचारता वळलं.

आणि तेवढ्यात पाणी गेलं.
नळ खाकरला, थांबला.
टॅंकर अडकलाय, बाहेरून कुणी ओरडलं, जोगेश्वरीला.
वाफ खाली बसत गेली.
अर्धी घासलेली, अर्धी साबणात,
मी छताकडे बघत पडले.
छताला एक ओल होती, होडीच्या आकाराची.

सतरा नंबरचे कामेरकर, बेस्टचे कंडक्टर,
डावी बाजू गेलेली.
त्यांचं अंग अर्धं पुसून मी वॉर्डच्या त्या टोकाला धावले होते,
तिथे कुणीतरी जात होतं.
परत आले तेव्हा ते तसेच.
ओला फडका छातीवर, डोळे वर.
"दोन मिनिटंच तर झाली ना," मी म्हणाले.
चाळीस झाली होती.
"आलात ना, झालं मग," ते म्हणाले
आणि मी तापमान लिहिलं चार्टवर.

साबण वाळताना कातडी ओढते.
हे मला कुठल्या पुस्तकात नव्हतं.
पाठीखालचा दगड गार होत जातो
आणि माणूस कुणाला हाक मारत नाही,
कारण हाक कशासाठी, ते सांगता येत नाही.

मेहरूनं कोपऱ्यातला कोरडा पंचा उचलला,
काही न बोलता माझ्यावर पसरला, पावलांपर्यंत.
मग शेजारी फतकल मारून बसली.
तिच्या बोटांच्या पेरांवर भेगा दिसल्या, लालसर.
"झिंकचं मलम लाव," मी म्हणाले.
"रातचा लावते. सकाली पुन्हा पानी."
नंतर आम्ही दोघी गप्प.

पाणी आलं तेव्हा आधी गढूळ आलं.
तिनं ते जाऊ दिलं.
पितळी वाडगा भरला,
पहिला थेंब स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टाकला,
थांबली,
थोडं गार मिसळलं,
पुन्हा मनगट.
मग ओतलं.

बाहेर पुदिन्याचा चहा दिला, साखर जरा जास्त.
कुपनवर सही घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारचे दोन वाजले
तरी मी पारोशीच.
हात सारखा दंडावर जात होता.