चिकटवलेलं पाकीट

टोलिडोत, डोनटच्या दुकानाला लागून
दवाखाना. काचेवर पाटी:
इमिग्रेशनची तपासणी इथे होते.
विमा चालत नाही. चारशे वीस डॉलर.
उल्हास कार्ड देता देता म्हणाला, "आकडा बघ."
सकाळपासून मी पहिल्यांदा हसले.

डॉक्टर ओकाम्पो माझ्यापेक्षा लहान.
लशींचे कागद मागितले.
डाव्या दंडावरचा देवीचा व्रण दाखवला,
गोवर सातव्या वर्षी येऊन गेला म्हटलं,
आईनं उशाशी कडुलिंब ठेवला होता.
आईची साक्ष चालत नाही.
दोन्ही दंडांत मिळून चार सुया;
सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा तान्ही.

कधी अटक? नाही.
कधी नशा? नाही.
कधी स्वतःला इजा करावीशी वाटली?
नाही म्हटलं,
जरा थांबून.

मग रक्ताचा निकाल आला,
आणि मी कधी न बोललेलं ते बोललं.
पडद्यावर माझी छाती उजळली.
उजवीकडे वर, शेवरीच्या कापसाएवढं काहीतरी.
"जुना डाग," त्या म्हणाल्या, "घरात कुणाला होता?"

मिरजेच्या दवाखान्यात
डबा घेऊन मीच जायची.
बाबा खोकायचे तेव्हा खिडकीकडे बघायची,
कारण त्यांना तसं आवडायचं.
बाहेर कुणी विचारलं तर दमा आहे म्हणायचं,
आईनं बजावलेलं,
मुलींची लग्नं व्हायची आहेत.

लग्न झालं. बत्तीस वर्षांनी, इतक्या लांब,
आणि लग्नापायीच ते बाहेर पडलं.

गाडीत मी उल्हासला सांगितलं.
दोन सिग्नल तो काही बोलला नाही.
मग म्हणाला,
"माझी आई आठ महिने गावाला गेली होती.
आम्हाला गावच नव्हतं."

काउंटीच्या आरोग्य खात्यात
तीन सकाळी थुंकी दिली,
आठ आठवडे वाट पाहिली.
काही निघालं नाही.
डॉक्टरांनी कागद पाकिटात घातले, चिकटवले,
जोडावर आडवी सही केली.
उघडलंत तर बाद.
वकिलाकडे द्यायला अजून चार दिवस होते,
तोवर ते फ्रिजवर, कोथिंबिरीच्या कुंडीशेजारी.
माझी फुप्फुसं,
आणि मला बघायची परवानगी नाही.

इकडे अक्काचा रोज फोन.
ऋजुताचं लग्न नऊ मेला.
नवरीच्या मागे मामा लागतो,
आम्हाला भाऊ नाही,
म्हणून मीच उभं राहायचं, हे ती पाळण्यात असल्यापासून ठरलेलं.
प्रवासाच्या परवान्याचा अर्ज सहा महिन्यांपासून पडून.
त्याशिवाय देश सोडलात, तर
अर्ज सोडून दिला असं समजण्यात येईल.
सोडून दिला.
आमच्याकडे हा शब्द बाईला लावतात.
मी अक्काला तो वाचून दाखवला.
ती म्हणाली, "मग नको येऊस बाई,"
आणि फोन ठेवायच्या आत नाक ओढलं.

मुहूर्त दुपारी बारा वीसचा.
इथे रात्रीचे पावणेतीन होऊन गेलेले.
उल्हासनं फोन साखरेच्या डब्याला टेकवला.
मी पैठणी नेसले होते, पायात लोकरीचे मोजे.
अंतरपाट धरला, मंगलाष्टकं अडखळत येत होती,
कधी चित्र पुढे, कधी आवाज.
ऋजुताच्या मागे भटजींचा पुतण्या उभा होता,
च्युइंगम चघळत.
अक्षता टाकल्या. त्या फोनवर आपटून
ओट्यावर, शेगडीत, पाकिटावर.
चार दिवस मी त्या झाडल्या नाहीत.

परवाना तेरा मेला आला.
पोस्टाच्या ढिगात, पिझ्झाच्या कुपनांमध्ये.

उल्हास तिकिटं बघायला बसला,
मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आता कशाला?"
लग्न तर झालं.
मी म्हटलं, बघ तरी.
ऋजुताला सांगायचंय
आजोबांना दमा नव्हता.
अमेरिकेच्या सरकारी कागदावर आहे ते आता,
चिकटवून, वर सही करून.