बोटभर वाट

वडगावात आमच्या गल्लीत
हर्नियाला हर्निया म्हणत नाहीत.
"आतडं उतरलंय" म्हणतात,
जसा माडीवरून पाहुणा उतरतो.

माझंही उतरलं.
खोकलो की जांघेत लिंबाएवढा फुगवटा,
आडवा झालो की गप आत.
तीन वर्षं लंगोट आवळून मागावर बसलो.
बायकोला सांगितलं चौथ्या वर्षी.

कडोलकर डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीवर
पेनानं रेघा मारल्या.
पहिला स्नायू तिरपा, खाली आणि आत,
खिशात हात घालताना बोटं जातात तसा.
दुसरा त्याला छेद देऊन उलट तिरपा.
तिसरा आडवा.
म्हटलं, साहेब, हे तर आमचंच काम,
पण कुणाचा धागा कुणात अडकत नाही की,
नुसते एकावर एक घातलेत.
ते हसले. "म्हणून तर फटी राहतात."

मग वाट दाखवली.
आतलं कडं, बाहेरचं कडं,
मधे दोन बोटं लांबीचा बोळ.
जन्मायच्या आधी पुरुषाच्या गोट्या
पोटातून ह्याच वाटेनं खाली येतात
आणि मागचं दार
काहींचं नीट लागत नाही.
एकसष्ट वर्षं नुसतं लोटलेलं होतं तर.

त्याच्याही मागं, पोटाच्या पडद्याबाहेर,
मोकळ्या जागा आहेत म्हणे.
एकीला स्वीडनच्या कुणाचं नाव, एकीला फ्रान्सच्या.
आमच्या गावाच्या नावावरून एवढी भांडणं,
आणि माझ्या ओटीपोटात
परक्यांच्या पाट्या लागल्यात,
ते कुणी मला विचारलंसुद्धा नाही.

पाठीत सुई दिली. कमरेखालचा मी गेलो.
सिस्टरनं विचारलं, "नोवु ऐतेन्री?"
"इल्ल्रि."
आणि डॉक्टरांना मराठीत,
"दुखत नाही, पण कुणीतरी
माझ्या घरात सामान हलवतंय."

जाळी कापून उरलेला तुकडा मागून घेतला.
खिडकीपाशी उजेडात धरला.
ताणा नाही, बाणा नाही.
विणलेली नव्हेच, स्वेटरसारखी गुंफलेली.
भोकं मुद्दाम ठेवलेली,
त्यांतून मांस वाढून येणार.
चाळीस वर्षं मी
एक भोक दिसलं तरी हातभर साडी उसवली.

आता दोन महिने माग बंद. मुलगा बसतो.
तो खोकला
की धोटा थांबतो,
आणि माझा हात
माझ्याच जांघेवर जातो.