चार जादा पाटे

रिकामा असला की जागच्या जागी थांबतो.
भरला की नाही.
गुलरेझ एवढंच सांगतो, आणि हाताने
वादी जिझीचा उतार काढून दाखवतो हवेत,
खाली एक वळण, वळणावर बकऱ्या.

सोहारच्या सनाइयात आधी दोघांनी पाहिलाय हा टँकर.
एकाने लायनर बदलले, एकाने ड्रम खरवडले,
दोघांनी आवारात दोन फेऱ्या मारल्या,
पेडल दाबलं, टायर किंचाळले,
दोघांनी पैसे घेतले.
अर्बाब म्हणतो, ब्रेक ठीक आहे, ड्रायव्हर भित्रा आहे.
गुलरेझ बावीस वर्षं चालवतोय.
तो फक्त मिशीवरची धूळ पुसतो.

देवरुख डेपोत आमचे हेड मेकॅनिक तळेकर म्हणायचे,
रिकामी गाडी कुणाचंही ऐकते रे.
म्हणून मी म्हटलं, भरून आण.
पाच हजार गॅलन गोडं पाणी, नुसतं बघायला?
अर्बाब फोनवर ओरडला.
भरून आण.

साडेबाराला काम बंद, उन्हाची सक्तीची सुट्टी.
आम्ही तिघं टँकरखालीच शिरलो,
सावली तेवढी एकच होती.
वर पाणी डुचमळत होतं.
बिजेश म्हणाला, समुद्राखाली झोपल्यासारखं वाटतं,
आणि खरंच झोपला.

पुढच्या चाकांना गेज लावलं: सात.
मागच्यांना: दोन, फार तर सव्वादोन.
टाकीत हवा भरपूर, पाइप कुठे फुटलेला नाही.
मग मधे कोण खातंय?

मधे एक व्हॉल्व्ह असतो, चासीला टांगलेला,
त्याची दांडी खाली एक्सलला बांधलेली.
त्याला डोळे नाहीत, वजनकाटा नाही.
गाडी भाराने किती बसली, एवढंच त्याला कळतं.
बसली की दांडी उचलली जाते, तो हवा सोडतो.
नाही बसली, तर रिकामी समजून
हात आखडता घेतो, मागची चाकं घसरू नयेत म्हणून.
बिचारा सज्जन.

आणि ही गाडी बसतच नव्हती.
पाठीवर एवढं पाणी, आणि ताठ.
मी कमानीचे पाटे मोजले. नऊ हवेत.
तेरा.

मग यू-बोल्टच्या टोकावरून बोट फिरवलं.
धुळीखाली पिवळा ठिपका.
नट आवळून झाला की पिवळा ठिपका द्यायची
सवय या सनाइयात एकाच माणसाला आहे.

तेव्हा ती मालाची गाडी होती, लाल. टाकी नंतर चढली.
मालकही दुसरा. मागून बसते, म्हणाला होता, वाईट दिसते.
मी चार पाटे घातले, ताठ उभी केली,
भोवती फिरून बघितली.
त्याने खुशीने खजुरांचा डबा दिला.
डबा अजून आहे, त्यात वॉशर ठेवतो.

गुलरेझला हाक मारली: पेडल दाबून धर.
दांडी हाताने वर उचलली, चार बोटं.
काटा दोनवरून चार, पाच,
साडेसहाला जाऊन थरथरला.
सोडली. पुन्हा दोन.

मिळालं? वरून आवाज.
मिळालं.
कुणी केलेलं?
मी पान्हा शोधत राहिलो, जो हातातच होता.
मग सांगितलं.
तो उतरला, उकिडवा बसला, आत डोकावला,
पश्तूत काहीतरी म्हणाला,
हसला की शिवी दिली, कळलं नाही.
मग कराकचा अर्धा कप माझ्याकडे सरकवला.

रात्रीपर्यंत पाटे उतरवले, दांडीचं माप लावलं.
अर्बाबला सांगितलं, चार हजारच भर.
ऐकेल असं नाही.
टँकर आता मागून जरा बसलेला, वाईट दिसत होता.
उतारावर थांबला.
मी बिल लिहिलं नाही.

खोलीवर, वरच्या बंकवर, मुलीचा फोन.
पप्पा, आवाज बसलाय तुमचा. थकलात?
अकरा वर्षं या प्रश्नाला माझं एकच उत्तर होतं.
खालच्या बंकवर बिजेशने कूस बदलली.
म्हटलं, हो ग. आज जरा जास्तच.

तिकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही.
मग तिने टीव्हीचा आवाज कमी केला.